वाघावर पाय देऊन फोटो काढू देसान का जी?

प्रति,
कोकणच्या समुद्रात प्रवाळ दाखवायला बोटी सोडायची परवानगी देणारे सगळे साहेब, तिथलं पाणी-जंगल सांभाळणारे साहेब, आणि बोटी चालवणारे दादा लोक,

नमस्कार जी.

मी चंद्रपूर जिल्ह्यातला, ताडोबाच्या बफरमधल्या (कोअर म्हणजे आतलं मुख्य जंगल, बफर म्हणजे त्याच्या भोवतालचा पट्टा) एका गावचा गाइड. सोळा वर्षं झाली, जिप्सीत बसून लोकांना वाघ दाखवून राहिलो. समुद्राचा आणि माझा संबंध म्हणाल तर यंदाच्या जानेवारीपर्यंत शून्य. बोट म्हणजे आमच्या मामा (माजी मालगुजारी) तलावातला ढिवर, म्हणजे मासेमार, लोकांचा डोंगा, तोही दोन माणसांचा, तिसरा बसला की पाणी आत. तेव्हा "विदर्भातल्या माणसाला समुद्रातलं काय कळते" असं कोणाला म्हणायचं असेल तर मी आधीच मान्य करून टाकतो. फोनवर एका साहेबानं मला हे म्हणून झालंच आहे.

ते असं झालं. जानेवारीत आम्ही कोकणात सहलीला गेलो, तिथं बोटीवरच्या पोरानं आम्हाला प्रवाळावर पाय द्यायला लावला. त्या सहलीवरून आल्यावर फेब्रुवारीत त्याबद्दल मी दोन ऑफिसांना पत्रं पाठवली, स्पीड पोस्टानं, पावत्या आहेत माझ्याकडं. एकाचं उत्तर आलं एका ओळीचं, "सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही." दुसऱ्याचं आलंच नाही, मग फोन केला तर ते म्हणाले पहिल्या ऑफिसला विचारा, आणि मी जास्तच विचारून राहिलो तर वरचं वाक्य ऐकवलं. म्हणून आता सगळ्यांनाच एकदम लिहितो, लोकांच्या समोर. ऑफिसांची नावं टाकत नाही, बोटीचं नाव टाकत नाही, जेटी पण सांगत नाही. तो बोटीवरचा पोरगा पंचवीसच्या आतला असेल, त्याच्या पोटावर पाय आणायचा नाही मला. त्याला कोणी शिकवलंच नाही, ही माझी तक्रार आहे.

आमची सहल म्हणजे सात घरांची भिशी. दोन वर्षं महिन्याला थोडे थोडे टाकले, आमचा नंबर रोस्टरनं लागतो म्हणून मागंपुढं करून सगळ्यांच्या सुट्ट्या जुळवल्या, आणि लहानमोठे धरून एकोणीस लोक वर्ध्याहून मडगावच्या गाडीत बसलो. रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गाडीत, कुडाळला उतरलो. माझी आई अडुसष्ट वर्षांची, तिनं समुद्र फक्त टीव्हीत पाहिला होता. पोट्टे तर इतके कल्ला करत होते की टीसी पण हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोट. तिथं पाणी पाहिलं आणि खरं सांगतो, सोळा वर्षांत पहिल्यांदा मला पर्यटकासारखं वाटलं. आमच्याकडं वाघ दिसला की लोक जे तोंड करतात ना, तसं तोंड माझं झालं असेल. मास्क लावला, तोंडात नळी धरली, हातात रिंग, आणि डोकं पाण्यात घातलं. खाली पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेले मासे, तळहाताएवढे, पाच-पन्नास, एकदम तोंडाजवळ आले. डोक्यात पहिला शब्द आला वाघ. नळी होती म्हणून ओरडलो नाही. त्यांच्या खाली ते प्रवाळ, कुठं परातीसारखं गोल, कुठं मेंदूसारखं वळ्यावळ्यांचं, रंग म्हणाल तर तपकिरी, शेवाळी, एखादं जांभळट. टीव्हीत दाखवतात तसं भडक नव्हतं काही, पण जिवंत होतं. ते बघून मी पाण्यातच गप झालो.

मग त्या पोरानं माझा हात धरला, खाली बोट दाखवलं, डोकं वर काढून म्हणाला, "तो दगड आसा, उभे रवा बिनधास्त, व्हिडिओ काढतंय." आणि मी उभा राहिलो.

हो, मीच. जो माणूस जिप्सीतून कोणी नुसता पाय बाहेर लोंबकळवला तरी "सर, पाय आत घ्या" म्हणतो, तो मी पंधरा-वीस सेकंद त्या परातीएवढ्या प्रवाळावर दोन्ही पाय देऊन उभा होतो, अंगठा वर करून. पायाला खरखरीत लागलं आणि वरून जरासं बुळबुळीत, अंगठ्याच्या बाजूला कापलं पण. माझ्यानंतर माझा भाचा, मग शेजारचे दोघं, मग त्यांच्या बायका. त्याच दगडावर. आमच्याआधी सकाळपासून किती उभे राहिले असतील मोजा. व्हिडिओ माझ्या फोनमध्ये आहे, ग्रुपवर टाकायचा होता, नाही टाकला.

घरी आल्यावर आमच्या ट्रेनिंगला येतात त्या एका साहेबांना सहज दाखवला. ते हसले नाहीत. म्हणाले, वन्यजीव कायद्याचा शेड्यूल काढून बघ. मी काढला. १९७२ चा कायदा, शेड्यूल एक, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण असलेल्या प्राण्यांची यादी. त्यात वाघ आहे, ते तर आम्हाला पाठ आहे. आणि त्याच शेड्यूल एकमध्ये, २००१ पासून, समुद्रात भित्ती बांधणारं सगळं प्रवाळ आहे, काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ, समुद्रपंखा, सगळं. म्हणजे कागदावर वाघ आणि तो "दगड" एकाच पंगतीत बसून आहेत जी. मग मला सांगा, वाघावर पाय देऊन फोटो काढू देसान का?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं लिहितो, मलाही फेब्रुवारीपर्यंत माहीत नव्हतं. तो दगड म्हणजे हजारो बारीक प्राण्यांची वस्ती. एकेक प्राणी काही मिलिमीटरचा, तो खालून चुनखडीचं घर बांधत जातो, आणि जिवंत कातडी असते फक्त वरवर, पातळ. तेच ते बुळबुळीत माझ्या पायाला लागलं होतं. त्याच्या अंगात शेवाळाची अगदी सूक्ष्म जात राहते, ती उन्हावर अन्न बनवते आणि घरमालकाला देते, रंग पण तिचाच. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद डिग्री जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं की ही भागीदारी मोडते, शेवाळ बाहेर पडतं, प्रवाळ पांढरं पडतं आणि उपाशी मरायला लागतं. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या नोआ या समुद्र-हवामानाच्या सरकारी संस्थेनं जाहीर केलं की जगभर असं पांढरं पडायची ही चौथी मोठी लाट चालू आहे. आणि ते गोल प्रवाळ वर्षाला वाढतं साधारण एक सेंटिमीटर. परातीएवढं व्हायला वीस-पंचवीस वर्षं. माझा मोठा पोरगा एकवीसचा आहे. आम्ही त्याच्या वयाच्या जिवावर लाइन लावून उभे राहिलो.

(कोरपना-गडचांदूरकडं सिमेंटसाठी जी चुनखडी खणतात ती पण कधीकाळी समुद्राच्या तळाचीच आहे म्हणे. तेव्हा समुद्राशी संबंध शून्य म्हटलं ते मागं घेतो, फक्त तो संबंध कोट्यवधी वर्षांपूर्वीचा आहे.)

आता तक्रारी. उभं राहायला लावणं ही पहिली, ती सांगून झाली.

दुसरी नांगराची. बोट थांबवली तेव्हा त्यांनी नांगर सरळ खाली सोडला, खाली काय आहे ते न बघता. निघताना ओढला तर अडकला, दोघांनी जोर लावून वर काढला, आणि त्याच्या दातात एक तुकडा आला, वीतभर, फांदीसारखा, तुटल्या जागी पांढराशुभ्र, बाकी अंगावर तपकिरी चिकट. पोरानं तो समुद्रात टाकला नाही, पाण्यात खळबळून माझ्या आईच्या हातात दिला, "आजी, आठवण." आई मला म्हणते, "यालेच पोवळं म्हणते का जी, आंगठीतलं?" मी म्हटलं हो. चुकलं माझं, अंगठीतलं लाल पोवळं वेगळं, ते बहुतेक भूमध्य समुद्राकडून येतं. पण तेव्हा मी हो म्हटलं, आणि त्या पोराला थँक्यू पण म्हटलं. संध्याकाळपर्यंत पिशवीतून असा वास सुटला की लॉजवाल्यानं विचारलं मासे आणले का. तेव्हा कळलं, हे काहीतरी मेलेलं आहे.

तिसरी, मासे जमवायला पाव आणि बिस्किट. व्हिडिओत मासे यायला पाहिजे म्हणून पुड्याच्या पुडे. आमच्याकडं माकडाला शेंगदाणा टाकला तरी गाइडवर येते. आणि कारण साधं आहे, प्रवाळाजवळचे काही मासे त्याच्यावर बाहेरून वाढणारं शेवाळ खाऊन ते साफ ठेवतात, त्यांचं पोट पावानं भरलं की साफसफाई बंद. बिस्किटाचं प्लास्टिक कुठं गेलं ते विचारू नका. २०२४ मध्ये आमच्या रामदेगीकडच्या वाघाचा तोंडात प्लास्टिकची बाटली धरलेला व्हिडिओ देशभर फिरला होता, आम्हाला लाज वाटली होती तेव्हा. तुमच्या माशाचा व्हिडिओ निघत नाही, एवढाच फरक.

चौथी आमच्याच लोकांची. आमच्या बायकांनी डोक्याला भरपूर खोबरेल लावलं होतं, शहरातल्या एका फॅमिलीनं अंगभर सनस्क्रीन, आणि सगळे तसेच पाण्यात. पलाऊ नावाच्या बेटांच्या देशानं २०२० पासून आणि हवाईनं २०२१ पासून प्रवाळाला घातक रसायनांचं सनस्क्रीन बंद केलंय. आपल्याकडं कोणी एक वाक्य बोललं असतं तर आम्ही तेल धुऊन आलो असतो, आम्ही काही हट्टी लोक नाही.

पाचवी लाइफ जॅकेट. एकोणीस लोकांना जॅकेट मिळाले, पण माझ्या आईच्या जॅकेटचं बक्कल तुटलेलं, सुतळीनं बांधून दिलं. कोण किती बसले ते कोणी लिहिलं नाही. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोन जीव गेले, डिसेंबर २०२४ मध्ये मुंबईत गेटवेहून एलिफंटाला जाणाऱ्या बोटीचं तर सगळ्या देशानं पाहिलं. तरी सुतळी! यावर जास्त लिहीत नाही, डोकं तापते.

आता तुम्ही म्हणाल, तुमच्या जंगलात लय शिस्त आहे का. नाही जी. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-करांडल्यात, गोठणगावकडं, एक वाघीण आणि तिचे पाच बछडे गाड्यांनी दोन्ही बाजूंनी घेरले. आमच्याच धंद्यातले लोक ते. शरमेनं मान खाली गेली. पण पुढं काय झालं ते बघा, गाइड-ड्रायव्हर निलंबित झाले, दंड लागले, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. म्हणजे चूक झाली तेव्हा ती कोणाच्या अखत्यारीत येते हा प्रश्न कोणाला पडला नाही. गाडीचा नंबर माहीत, गाइडचं नाव माहीत, गेटवर वेळ लिहिलेली. तुमच्याकडं त्या दिवशी माझ्याकडून चूक झाली ती कोणत्याच वहीत नाही.

ताडोबा १९५५ पासून नॅशनल पार्क आहे. गाइडशिवाय गाडी आत जात नाही, गाड्यांची संख्या ठरलेली, मंगळवारी बंद, पावसाळ्यात कोअर बंद, कोअरमध्ये मोबाइल नाही, खाली उतरायचं नाही. लोक कुरकुर करतात, मग ऐकतात. आणि हे फक्त जमिनीवर जमते असं नाही. अंदमानात वंडूरला १९८३ चं सागरी नॅशनल पार्क आहे, तिथं प्रवाळ बघायला दिवसाची बोट जाते, परवाना लागतो, प्लास्टिक सोबत नेता येत नाही, सोमवारी बंद, आणि जॉली बॉय आणि रेड स्किन ही दोन बेटं मोसमानुसार आलटून पालटून उघडतात म्हणजे एकाला आराम मिळतो. मला हे एका पुण्याच्या पाहुण्यानं जिप्सीत सांगितलं, वाघाची वाट बघता बघता. मालवणचं सागरी अभयारण्य तर १३ एप्रिल १९८७ ला जाहीर झालं, २९ चौरस किलोमीटर, त्यातला तीनेक चौरस किलोमीटर गाभा, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या अवतीभवती. त्यालाही आता जवळपास चाळीस वर्षं होतील.

इथं बोटवाल्या दादांशी वेगळं बोलतो, कारण मला माहीत आहे हे वाचून तुमच्या पोटात गोळा आला असेल. अभयारण्य हा शब्द आला की गावातला माणूस आधी विचार करते, आता आपल्याला हाकलतात. आम्हाला नका सांगू ते. ताडोबातली गावं उठताना पाहिली आहेत आम्ही, माझी मोठी आत्या उठलेल्या गावची आहे, अजून जुन्या घराच्या आंब्याचं नाव काढते. मालवणच्या मच्छीमारांनी सुरुवातीपासून अभयारण्याला विरोध केला तो काही येडेपणानं नाही केला. म्हणून मी बंदी मागून राहिलो नाही. उलट आहे. आमच्या गावात आधी तेंदूपत्ता, मोहफूल आणि चार बांध्या धान एवढंच होतं, आज माझ्या घरी दोन पोरं शिकतात ती गाइडकीच्या पैशावर. गेटवर नियम आला म्हणून पर्यटक कमी नाही झाला, वाढला. नियम असला की गाइडची किंमत वाढते दादा, कारण मग त्याच्याशिवाय कोणाला जाताच येत नाही. आणि तो दगड मेला तर मासा जाईल, मासा गेला तर तुमचा व्हिडिओ पण गेला आणि जाळं पण. समुद्रतळाच्या एक टक्क्याहून कमी जागेत प्रवाळ आहे आणि समुद्रातल्या साधारण पाव जाती कधी ना कधी त्याच्या आसऱ्याला येतात. हे तुम्हाला मी काय सांगू, तुमचे आजे जाणत होते मासा कुठं लागते.

मागण्या सरळ आहेत.

जिथं प्रवाळ दाखवता तिथं कायमचे तरंगते बोये बांधा, बोट बोयाला दोरीनं बांधायची, नांगर टाकायचा नाही. हे सगळ्यात आधी, कारण याला भाषण नको, एकदा खर्च करायचा आणि झालं. समुद्र तापणं ना तुमच्या हातात ना माझ्या, नांगर तर हातात आहे.

बोटीवर ट्रेनिंग झालेला, ओळखपत्र असलेला गाइड, गावातलाच, कोळ्यांचाच पोरगा किंवा पोरगी. आमच्याकडं बायका पण गाइड आहेत आणि आमच्याहून बऱ्या आहेत. त्याची फी तिकिटात धरा, लोक देतात. निघायच्या आधी जेटीवर पाच मिनिटं मराठीत सांगा, उभं राहायचं नाही, हात लावायचा नाही, खायला टाकायचं नाही, अंगाला तेल-क्रीम नाही. तेच एका बोर्डावर लिहा, मोठ्या अक्षरात. ज्यांना पोहता येत नाही त्यांच्यासाठी काचेच्या तळाची बोट वाढवा, माझी आई तिच्यातूनच खूश झाली असती, बिचारी दोन तास बोटीत बसून आमचे कपडे सांभाळत होती.

एका जागी दिवसाला किती बोटी ते ठरवा आणि आठवड्यातून एक दिवस त्या जागेला सुट्टी द्या. धड बक्कल असलेले जॅकेट, माणसं मोजून वहीत नोंद.

आणि शेवटी हे ठरवा की हे कोणाचं काम आहे. एका ऑफिसचं नाव सांगा, एक फोन नंबर, जो उचलला जातो.

कारण मला लगेच एक काम आहे त्या ऑफिसात. तो वीतभर तुकडा अजून माझ्या घरी आहे. आईनं धुऊन, उन्हात वाळवून, देव्हाऱ्यात ठेवला होता, आता वास नाही, पांढरा पडला, हलका झाला, जवळून पाहिलं की सुईच्या टोकाएवढी बारीक बारीक भोकं दिसतात, एकेका भोकात एकेक जण राहत होता. शेड्यूल वाचल्या दिवशी मी तो देव्हाऱ्यातून काढून कागदात गुंडाळून ट्रंकेत ठेवला, आईला सांगितलं नाही का ते. आमच्याकडं कोणाच्या घरात वाघाचं नख निघालं तर काय होते ते मला माहीत आहे, म्हणून हे मी स्वतः लिहून देतो. दंड असेल तर भरतो. तो तुकडा कुठं जमा करायचा, कोणत्या टेबलावर, आणि पावती कोण देईल, एवढं कळवा. पत्ता माझ्या दोन्ही पत्रांवर आहे.

तुमचा,
ताडोबा बफरमधला एक गाइड